पाय मोडलेला क

लर्विकच्या वाचनालयात मंगळवारी संध्याकाळी
ओस्ला फळ्यावर आधी के काढते, मग एन,
आणि के-वर टेकवलेलं बोट ओठांवर नेते.
गप्प.
हा बोलत नाही. नुसता दारात उभा असतो.

बाहेर तीनपासूनच अंधार.
आम्ही सातजण, त्यातले पाच साल्मनच्या कारखान्यातले,
कितीही साबण लावला तरी वह्यांना वास येतोच.

नी म्हणजे गुडघा.
ओस्ला आपल्या गुडघ्यावर खडूने टकटक करते,
आत धातूचा सांधा आहे म्हणते, हवा बदलली की आधी त्याला कळतं.
नाइफ म्हणजे सुरी. ही कुणाला शिकवावी लागत नाही.
लॅटव्हियाच्या द्झिंत्राच्या अंगठ्याला निळी पट्टी.
नीड म्हणजे कणीक मळणं,
आणि नीड म्हणजे गरज, पण गरजेच्या दारात कुणी उभं नाही.
नॉट म्हणजे गाठ. नॉट म्हणजे नाही.

"नुसतं ऐकून कसं ओळखायचं?" तेवोल्दे विचारतो.
तो असमाराहून किती देश ओलांडून इथवर आला, सांगत नाही.
"गाठ असली तर हाताला लागते," ओस्ला म्हणते.

नो म्हणजे जाणणं. नो म्हणजे नकार.
द्झिंत्रा हसत सुटते:
मुकादम विचारतो, कळलं का? मी म्हणते, नो.
त्यातलं त्याला कुठलं ऐकू येतं, त्यालाच ठाऊक.

माझी पंचाईत वेगळीच.
मी ऐकते ते देवनागरीत उतरवून घेते
आणि देवनागरी कानाशी इमान राखणारी,
जो बोलला नाही त्याला ती पंगतीला बसवत नाही.
नी, नाइफ, नॉट: के कुठेच नाही.
म्हणून प्रत्येक शब्दाआधी मी पेन्सिलीने
एक पुसट क काढते, त्याचा पाय मोडते,
आणि तो लंगडत उभा राहतो समासात.

मग नकल. म्हणजे बोटाचा सांधा, मूठ वळली की वर येतो तो.
घाईत माझ्याकडून एक क जास्तीचा पडला
आणि वहीत झालं: नक्कल.
खोडरबर शोधेपर्यंत ओस्ला बोलायला लागली होती.

माझा बाप व्हॉल्से बेटावरचा. तो म्हणायचा क्नाइफ.
क्नी. क्नॉट.
डबक्यावरचा बर्फाचा पापुद्रा बुटाखाली मोडावा
तसा क मोडायचा त्याच्या तोंडात.
मीही तसंच म्हणायची, शाळेत जाईपर्यंत.
तिथे दक्षिणेकडून आलेल्या बाई होत्या,
त्यांच्या हातात पट्टी होती,
आणि नकल म्हणजे काय ते मी अर्थासकट शिकले.

महिन्याभरात माझं बोलणं हुबेहूब त्यांच्यासारखं.

इस्पितळात, शेवटच्या आठवड्यात,
बापाने सफरचंद पुढे करून नर्सकडे क्नाइफ मागितली.
तिला कळेना. त्याने पुन्हा मागितली.
मी म्हटलं, नाइफ. त्यांना नाइफ हवी आहे.
सफरचंद मीच कापलं, बारीक फोडी करून.
खाताना तो खिडकीकडे बघत होता की माझ्याकडे,
मला सांगता येणार नाही. मी सुरी पुसत होते.

वर्गात कुणी काही बोललं नाही.
हीटर तेवढा कुरकुरत होता.
यादीत पुढचा शब्द नेल होता, मेल्यावर वाजते ती घंटा.
ओस्लाने तो पुसून टाकला. पुढच्या मंगळवारी, म्हणाली.

तेवढ्यात वाचनालयाचा लॉवरी किल्ल्या घेऊन आला,
दार उघडंच होतं तरी त्याने ते वाजवलं.
नॉक, द्झिंत्रा पुटपुटली. यात के दोन.
मागचा बोलतो. पुढचा बाहेर, थंडीत.

कोट चढवता चढवता तेवोल्देने
जीभ टाळूला लावून, सोडून, हळूच म्हणून बघितलं:
क्नॉक.

"परीक्षेत मार्क जातील," ओस्ला म्हणाली.
तिने डस्टर खाली ठेवलं.
"पुन्हा म्हण बघू."